तोंड कोणाचे, कोदो कोणाचा

या गोष्टीतली माणसे मी रचली आहेत. हत्ती मात्र खरे आहेत, आणि मोबाइलच्या ज्या खोडी पुढे येतील त्याही खऱ्या आहेत.

बालाघाटहून घाट चढून गेले की बैहरकडचे पठार लागते. परसवाडा तिथलेच, तहसिलीचे गाव. आज ते मध्य प्रदेशात आहे. पण १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपुराहून चाले, आणि सोयरिकी अजूनही गोंदिया, आमगाव, तिरोड्यापर्यंत पोचतात. पोवार शेतकऱ्याच्या घरात शिरलात तर चुलीपाशी पोवारी बोली ऐकू येईल, पाहुण्यांशी मराठी आणि बाजारात हिंदी. खालच्या बांध्यांत धान पिकते. वरच्या उताराच्या, मुरमाड जमिनीवर गोंड आणि बैगा कोदो-कुटकी पेरतात. कोदो मोठे चिवट धान्य. टरफलासकट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते, म्हणून अडीअडचणीच्या सालासाठी ते कोठीत राखून ठेवायची रीत. पण ते टरफल काढताना बाईचे हात भरून येतात. शहरातल्या दुकानात पारदर्शक पिशवीत बसलेला कोदो पाहून हे कोणाला कळायचे नाही.

अशा एका पोवाराच्या घरात एक दीर होता आणि एक वहिनी.

दीर नागपुरात बी.कॉम. झाला आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या जाहिराती फेसबुकवर टाकायचे काम करू लागला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी परतला, तेव्हा सामानात एक बॅग, मोबाइल उभा करायची एक तिपाई आणि टिकटॉकवरचे चाळीस हजार अनुयायी होते. रोवणीच्या चिखलात उभा राहून तो काहीबाही बोले आणि लोक पोट धरून हसत. २९ जूनला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉक त्यात होते. चाळीस हजारांतल्या एकाचाही पत्ता किंवा नंबर त्याच्यापाशी उरला नाही. दोन दिवस पोरगा धड जेवला नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, दुसऱ्याच्या बांधीत रोवणा केला तुम्ही. त्यानं धुऱ्यावरून हाकललं. पण इतक्या लोकांतून एखाद्याचं गाव तरी लिहून ठेवलं होतं का?"

त्याला ते अडाण्याचे बोलणे वाटले. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि तो तिकडे गेला.

वहिनीचे माहेर तिरोड्याकडचे. शिक्षण बारावीपर्यंत, अक्षर टपोरे. गावातल्या बायकांच्या बचत समूहाचा हिशेब तिच्याकडे असे, त्यामुळे काही घडले की वहीत लिहायचे ही तिची सवय हाडात मुरलेली. दर साली कोदो निघाला की डोंगराकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, एक गोंड आजी डोक्यावर टोपले घेऊन येई आणि कोदोच्या बदल्यात तांदूळ, मीठ, कधी एखादे लुगडे नेई. हा व्यवहार वहिनीच्या आजेसासूपासूनचा. आजी ओसरीवर बसे, पेज पिई आणि कोणत्या शेतातला कोदो, कोणत्या पावसाआधी कापला, कोणत्या खळ्यावर मळला, सगळे सांगे. कोणी विचारलेले नसे. वहिनी ऐके आणि लिहून ठेवी.

पहिला कोदो परगावी गेला तो असा. वहिनीची भाची नागपूरच्या वसतिगृहात राहायची. तिच्यासोबत चार शेर कोदो पाठवला. भाचीच्या खोलीतल्या मुलीची मावशी आहारतज्ज्ञ होती. तिने तो खाल्ला आणि विचारले, आणखी मिळेल का? नाते म्हणावे तर काहीच नाही. भाचीच्या मैत्रिणीची मावशी! पण वहिनीचे निम्मे गिऱ्हाईक पुढे त्या एका बाईच्या तोंडून आले.

यात नवल नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक निबंध लिहिला होता. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले, की नोकरीची खबर कोणाकडून लागली? ज्यांना ती ओळखीतून लागली होती, त्यांपैकी बहुतेकांनी जिवलगांचे नाव घेतले नाही. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाचे घेतले. आपले जवळचे लोक आपल्याला ठाऊक असलेल्याच गोष्टी जाणतात, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, असा त्याचा अर्थ. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही अगदी घट्ट नाही आणि अगदीच सुटी नाही, अशी ओळख नोकरी मिळवून देण्यात सर्वांत उपयोगी ठरली. परसवाड्याच्या वहिनीने यातले काही वाचलेले नव्हते. तिने फक्त त्या मावशीला दिवाळीत फोन केला, आणि पार्सल पोचले की नाही ते प्रत्येक वेळी विचारले.

तिची आणखी एक खोड होती. पहिले पार्सल हाती पडले की ती गिऱ्हाइकाला म्हणे, "माझा नंबर फोनमध्ये घालून ठेवा बरं. परसवाड्याची वहिनी म्हणून." लोक हसत आणि घालून ठेवत. दिराला हे फार गावंढळ वाटे.

मग २०२३ उजाडले. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरड धान्यांचे म्हणून जाहीर केले होते. फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्रीअन्न' असे भारदस्त नाव मिळाले आणि काल गरिबाच्या ताटातली म्हणून नाक मुरडलेली कोदो-कुटकी पुण्या-मुंबईच्या ताटात मानाने बसली. दिराला वारा कळला, आणि हे त्याचे श्रेय मी नाकारणार नाही. त्याने फेसबुकवर पेज उघडले, इन्स्टाग्रामवर खाते, व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी काढली, चौदा आकडी क्रमांक पिशवीवर छापला. हे सगळे वहिनीच्या हातून झाले नसते. लिंक्डइनवर त्याने स्वतःला 'संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी' असे लिहिले. ते त्याने घरात वाचून दाखवले, तेव्हा म्हाताऱ्या आईने विचारले, "मंग थोरला कोण?"

"दादा शेतकरी."

"म्हंजे अधिकाऱ्याचा भाऊ," म्हातारी म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडू लागली.

पिशवीवर चेहरा हवा होता. एका बाजाराच्या दिवशी त्याने टोल्यावरच्या आजीचा फोटो काढला. कपाळावर गोंदण, गळ्यात माळा, तोंडभर हसू. फोटो खरोखर सुरेख होता. तो पिशवीवर गेला, पेजवर गेला, रील्समध्ये गेला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. वर्षभरात अनुयायी साठ हजारांवर गेले. आजीला कोणी विचारले नाही; विचारायचे असते हे कोणाच्या मनातही आले नाही.

मागणी वाढली तसा टोल्यावरचा कोदो अपुरा पडू लागला. वहिनी म्हणे, "नाही म्हणून सांगा. पुढच्या हंगामात देऊ." दीर म्हणे, "वहिनी, इंटरनेटवर 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या पेजवर जाते." त्याने बालाघाटच्या एका व्यापाऱ्याकडून कोदो उचलायला सुरुवात केली. तो चार तालुक्यांतून, कदाचित दुसऱ्या राज्यातूनही येई. मशीनवर साफ केलेला, एकसारखा, दिसायला वहिनीच्या कोदोपेक्षा देखणा. भरला जाई तो आजीच्या चेहऱ्याच्या पिशवीत.

एका रीलमध्ये त्याने 'साखर मुळापासून बरी' असेही म्हणून टाकले. आहारतज्ज्ञ मावशीने ते पाहिले आणि वहिनीला फोन केला, की मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे, ते आधी काढा. वहिनीने ते त्याच संध्याकाळी काढायला लावले. दीर चिडला, त्या रीलला सर्वांत जास्त लाइक होते.

याच काळात त्याला एक फौजी भेटला. म्हणजे फोनवर. जबलपूरच्या छावणीतून बोलतो, जवानांसाठी दोन क्विंटल कोदो हवा, पैसे आगाऊ देतो. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवले, मग एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाका, की पैसे जमा होतील. दिराने टाकला. पैसे जमा झाले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, ही गोष्ट बी.कॉम. झालेल्या मुलाला ठाऊक होती. पण समोर दोन क्विंटल दिसत होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, थोडे परत मिळाले, थोडे बुडाले.

वहिनीने सगळे संभाषण वाचायला मागितले. वाचून म्हणाली, "यानं कोदोबद्दल एक गोष्ट विचारली नाही. भाव नाही, साफ केलेला का, नाही. मले तर पहिलं गिऱ्हाईक तासभर खडे किती निघतात तेच विचारत होतं."

गोष्टीतली ही बाई शहाणी ठरवली म्हणून तिला सगळेच कळते असे नाही. व्यापाऱ्याच्या मालाबद्दल तीही वर्षभर गप्पच बसली होती. घरातले कर्ज फिटत होते.

२०२४ च्या पावसाळ्यात, ऐन बाजारात, टोल्यावरची आजी दिराच्या दुकानाशी आली. तिच्या नातवाने मोबाइलवर तिला तिचा फोटो दाखवला होता. फोटोचे तिला वाईट वाटले नव्हते. उलट आपण बऱ्या दिसतो असे तिचे मत पडले. पण नातवाने दुकानातून एक पिशवी आणली होती आणि आजीने ती घरी फोडून कोदो तळहातावर घेतला होता. तीच पिशवी तिने फळीवर ठेवली.

"हा माहा नाही," ती म्हणाली. "माह्या टोल्यावरचा बी नाही. तोंड माहं अन् कोदो कोणाचा?"

दीर म्हणाला, "आजी, कोदो तो कोदो. काय फरक पडते?"

"कोणी खाऊन पडलं तर मले विचारतीन ना बाबू. तोंड माहं आहे."

दीर हसला. आजूबाजूचेही हसले. आजी उठली आणि निघून गेली. त्या साली तिने कोदोचे टोपले या घराच्या ओसरीवर आणले नाही.

दिवाळी तोंडावर आली. दिराने श्रीअन्नाच्या दिवाळी पेट्या काढल्या होत्या: कोदो, कुटकी, मोहाची फुले आणि डब्यावर आजी. कधी नव्हे इतकी नोंदणी झाली. आणि २९ ऑक्टोबरला उमरिया जिल्ह्यातल्या बांधवगडच्या जंगलातून बातमी आली. तेरा हत्तींच्या कळपातले हत्ती एकामागून एक कोसळत होते. दोन-तीन दिवसांत दहा मेले. पोटात कोदो सापडला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीचे विष निघाले. बुरशी धरलेला कोदो हत्तींनी शेतातून मोठ्या प्रमाणात खाल्ला होता.

इथे थोडे थांबतो, कारण त्या आठवड्यात मोबाइलवर जे फिरले त्यात ही गोष्ट नव्हती. कोदो मुळात विषारी नाही. हजारो वर्षे माणसे तो खात आली आहेत. पण कापणीच्या वेळी पाऊस आला, किंवा ओला कोदो तसाच रचून ठेवला, तर त्यावर बुरशी धरते. ती खाणाऱ्याला भोवळ येते, उलट्या होतात, अंग कापते, गुंगी येते. मध्य भारतातल्या कोदो खाणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. असा कोदो मातला असे म्हणतात आणि तो टाकून देतात. कोदो कधी कापला आणि कसा वाळवला, यात सगळे आले. म्हणजे आजी ओसरीवर बसून जे न विचारता सांगत असे, नेमके तेच.

मोबाइलवर मात्र एवढेच फिरले: कोदो विष आहे.

पेजवर लोक तुटून पडले. ज्या साठ हजारांनी आजीच्या हसण्यावर बदाम टाकले होते, त्यांतलेच काही तिच्या फोटोखाली मेलेल्या हत्तींची चित्रे चिकटवू लागले. दिराने लिहिले, 'आमचा कोदो शंभर टक्के शुद्ध आहे.' खाली कोणी साधा प्रश्न विचारला: कोणत्या गावचा? कधी कापलेला? ओला नव्हता कशावरून? दिराने व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, "अरे, पोत्यावर गाव लिहिलेलं असते का?"

मग दिराला व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी आठवली. एका यादीत २५६ जण बसतात. त्याच्या अशा तीन याद्या होत्या, सगळे पैसे मोजून माल घेतलेले लोक. त्याने रात्री जागून लांबलचक खुलासा लिहिला आणि तिन्ही याद्यांना पाठवला. सकाळी पाहिले तर जेमतेम पन्नास जणांना पोचला होता. त्याला वाटले नेटवर्क गेले. नेटवर्क ठीक होते. ब्रॉडकास्टचा संदेश फक्त त्यालाच पोचतो, ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो. याद्यांतल्या बाकीच्या सगळ्यांचे नंबर दिरापाशी होते. त्याचा नंबर त्यांच्यापाशी नव्हता. दोन वर्षे सणासुदीला पाठवलेल्या शुभेच्छा, सवलती, नव्या मालाच्या खबरी, सगळे असेच हवेत गेले होते.

वहिनीच्या यादीत शंभरेकच घरे होती. तिने खुलासा वगैरे लिहिला नाही. दिवाळीच्या फराळाचे भांडे बाजूला ठेवून ती वही घेऊन बसली आणि घरात उरलेली पोती एकेक करून वहीशी ताडून पाहिली. हा मागच्या सालचा, अमुक खळ्यावरचा, पाऊस थांबून आठवडा झाल्यावर कापलेला. हा तमुक घरचा. दोन पोती अशी निघाली, की ज्यांची नोंद नव्हती, घाईत घेतलेली. ती तिने दोरीने बांधून गोठ्याकडे ठेवली.

थोरला म्हणाला, "चांगली दिसतात की."

"चांगली असतीन बी. पण मले माहीत नाही."

नंतर ती डोंगराकडच्या टोल्यावर गेली. दीर सोबत जायला तयार नव्हता, तिने नेलाच. आजीने बसायला दिले, पेज दिली, आणि फोटोचे वा पिशवीचे अवाक्षर काढले नाही, ते दिराला फार जड गेले. त्याने स्वतःहून विषय काढला. "आजी, चुकलं माहं. तोंड तुमचं लावलं, कोदो तुमचा नव्हता." आजी म्हणाली, "ते काढून टाक. दुसरं का पाहिजे ते बोल."

दुसरे पाहिजे होते ते असे: कोदो मातलेला कसा ओळखायचा, हे आजीने सांगावे, आणि ते सांगताना तिचा आवाज मोबाइलवर घेऊ द्यावा. या वेळी तिला आधी विचारले. ती बराच वेळ बोलली. कापणीच्या दिवसांत आभाळाकडे कसे पाहायचे, पेंढ्या कशा उभ्या ठेवायच्या, पावसात सापडलेला ढीग वेगळा कसा काढायचा आणि का टाकायचा. "तसा कोदो आमी गाईलेबी घालत नाही, मंग माणसाले कसा घालू?" एवढे एक वाक्य त्यात रागाने आले होते.

वहिनीने तो आवाज आपल्या शंभर घरांना पाठवला. सोबत प्रत्येकाला, तुमच्या पिशवीतला कोदो कोणत्या टोल्याचा आणि कधी कापलेला, ते वहीतून पाहून लिहिले. हे काम दोन रात्री चालले. दिराने नंबर शोधून दिले, तिने सांगितले, त्याने टाइप केले. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. काहींनी पिशव्या परत करायच्या म्हटल्या. तिने पैसे पाठवून दिले, उलट एक शब्द बोलली नाही. पण आहारतज्ज्ञ मावशीने तो आवाज आपल्या ओळखीच्यांना पुढे पाठवला. तिथून तो नागपूरच्या वसतिगृहातल्या पोरींकडे, त्यांच्या आयांकडे, अमरावतीला, एका सुनेमार्फत पुण्याला गेला. डिसेंबरात वहिनीला जे फोन आले, त्यातले कितीतरी अनोळखी नंबरांवरून होते आणि बहुतेकांचे पहिले वाक्य, 'त्या आजींचा आवाज ऐकला,' असे होते.

आता लिंक्डइनचे. 'संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी' या पाटीला वर्षभरापूर्वी हैदराबादच्या एका धान्य कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याने एकदा प्रश्न विचारला होता: प्रत्येक पोत्याचा माग देता येईल का, म्हणजे कोणाच्या शेतातून, कोणत्या तारखेचे? दिराने तेव्हा उत्तर दिले नव्हते, कारण द्यायला काही नव्हते. हत्तींनंतर त्याने तो निरोप पुन्हा उघडला. वहिनीच्या वहीची पाने फोटो काढून पाठवली; टपोरे अक्षर, टोल्यांची नावे, कापणीच्या तारखा, मधेच कोठे दुधाचा हिशेब. अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. नमुना प्रयोगशाळेत तपासून पाठवा म्हणाला, नमुन्याची रीत समजावून सांगितली. तपासणीत कोदो निर्दोष निघाला. मोठी मागणी लगेच आली नाही, पुढच्या हंगामासाठी थोडी आली. एवढ्या कारभारात लिंक्डइनचा उपयोग झाला तो हा, आणि तो खरा उपयोग होता. दिराची ओळख नसती तर वही परसवाड्यातच पडून राहिली असती.

व्यापाऱ्याचा माल दिराने बंद केला. पेज चालू आहे. अनुयायी हत्तींनंतर गळले ते गळलेच. रील्स तो अजूनही करतो, पण त्यात हल्ली खळे दिसते, आभाळ दिसते, पेंढ्या दिसतात. पार्सल पोचले की फोन करून नंबर जतन करायला सांगायचे कामही आता त्याच्याकडे आहे. लिंक्डइनवरची पाटी त्याने बदललेली नाही. म्हातारी त्यावरून अजून चिडवते.

पिशवीवर आता कोणाचाही चेहरा नसतो. टोल्याचे नाव असते, कापणीची तारीख असते आणि टोल्यावरच्या, फोन उचलेल अशा एकाचा नंबर असतो, त्याला विचारून. २०२५ च्या हंगामात आजीने टोपले पुन्हा ओसरीवर आणले आणि पायलीमागे जास्तीचा भाव मागितला. वहिनीने तो दिला आणि पिशवीची किंमत वाढवून सगळ्या गिऱ्हाइकांना कारणासकट कळवले. चार घरांनी घेणे बंद केले. बाकीची घेतात.